ठेंगणा केलेला पिकअप ट्रक : तळाचे संरक्षण
शेव्हरोले सी-१० सारख्या जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकची उंची हौसेखातर कमी केल्यास त्याचा तळ गतिरोधकावर घासून ब्रेकच्या नळ्या व इंजिनाचे तेलपात्र निकामी होण्याचा धोका असतो. केवळ स्प्रिंगा कापल्यास मागचा आस चॅसीवर आदळतो. म्हणून आसाच्या वर चॅसीला अर्धवर्तुळाकार खाच पाडून ती पोलादी पट्टीने मजबूत करतात. हवेच्या फुग्यांवरील सस्पेन्शनमुळे ट्रक हवा तेव्हा उचलता येतो. वाहनाचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेखाली नसावा, ही सुरक्षिततेची मुख्य कसोटी होय. त्यामुळे सपाट रस्त्यावर टायरमधील हवा गेली तरी तळ टेकत नाही. कॅलिफोर्नियात हा नियम कायद्याने बंधनकारक होता. १ जानेवारी २०२४ पासून तो रद्द झाला. त्यामुळे ही दक्षता आता मालकाकडेच आहे.