पाण्यातून चालून आलात? ७२ तासांत दवाखाना गाठा



पावसाळ्यातही आपल्या मनोरीच्या बायका खाडी ओलांडून मार्वेला उतरतात आणि पुढे मालाड-बोरिवलीच्या बाजारात जातात. रस्त्यात गुडघाभर पाणी तुंबलं, तरी पाटी घेऊन त्यातून चालावंच लागतं. घरी आल्यावर पाय धुतले की आपल्याला वाटतं, झालं. पण त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, हा रोग होऊ शकतो. आज त्याबद्दल बोलूया.

२६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही. त्या वेळी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरलं आणि ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोची साथ आली. पुरातून वाचलेली माणसं तापाने दगावली.

उंदीर, कुत्री, डुकरं, गुरं यांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात. पायाला भेग, खरचट किंवा जखम असली की तिथून ते शरीरात शिरतात. मासळी साफ करताना काटा लागणं, पायाला चिखल्या होणं आपल्याला नवीन नाही. म्हणून आपल्याला धोका जास्त.

यावर डॉक्सिसायक्लिन नावाची गोळी आहे. ताप येण्याआधी, पाण्यातून चालल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू करावी, असं महापालिका सांगते. एकदाच पाण्यातून गेलात आणि जखम नसेल तर एकदाच. जखम असेल तर तीन दिवस. वारंवार पाण्यात जावं लागत असेल तर आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी देत नाहीत, त्यांना वेगळं औषध असतं. म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका, महापालिकेच्या दवाखान्यात विचारा. गोळी उपाशीपोटी नको. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडव्या होऊ नका.

एकीला एक दिवस आणि दुसरीला सहा आठवडे, असं का? जंतू कोणता आणि संपर्क किती, यावर ते ठरतं. गुरांना फाशी नावाचा रोग होतो, त्यालाच अँथ्रॅक्स म्हणतात. २००१ साली अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून त्याचे जंतू पाठवले गेले. तेव्हा संपर्कात आलेल्यांना हीच किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी ६० दिवस घ्यायला सांगितली होती, कारण ते जंतू फुप्फुसात बरेच दिवस दबा धरून बसतात. तेव्हा डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळी घ्यायची, मधेच सोडायची नाही.

पाण्यातून चालल्यावर महिन्याभरात थंडी-ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत जोराची कळ, डोळे लाल, असं काही झालं तर अंगावर काढू नका. मनाने दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, मूत्रपिंडाला त्रास होतो. डॉक्टरांना ‘आम्ही पाण्यातून चाललो होतो’ हे आधी सांगा. लवकर गेलं तर बहुतेकदा गोळ्यांनी भागतं. उशीर झाला तर दाखल होऊन इंजेक्शनं घ्यावी लागतात. कावीळ, लघवी कमी होणं, धाप, थुंकीत रक्त दिसलं तर तासभरही थांबू नका. तर बंद असेल तर उत्तन-भाईंदरच्या रस्त्याने जा.

या पावसाळ्यात गटाच्या प्रत्येक सभेत हप्ता गोळा करताना एक प्रश्न विचारूया: या आठवड्यात पाण्यातून कोण चाललं, आणि गोळी घेतली का?