कंबर दुखते म्हणून अंथरूण धरू नये

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांनी आंबेगाव आणि जुन्नरची शेती बदलून टाकली. पावसावरच्या बाजरीच्या जोडीला कांदा, बटाटा, टोमॅटो, ऊस, फुले आली आणि रानातले काम वर्षभर पुरू लागले. या भरभराटीचा हिशेब मांडताना एक गोष्ट सहसा धरली जात नाही. यातली बरीच कामे कमरेत वाकूनच करावी लागतात. कांद्याचे एकेक रोप हाताने लावायचे, खुरप्याने तण काढायचे, मग पुन्हा वाकून कांदा उपटायचा, पात कापायची आणि बराखीत भरायचा. लागवड-खुरपणीचा भार मुख्यतः बायांवर असतो. त्यातल्या एखादीची कंबर धरली आणि महिनोन्‌महिने सुटली नाही, की तिला तीनच सल्ले मिळतात: पडून राहा, पट्टा बांध, एमआरआय काढ. रेंगाळणाऱ्या कंबरदुखीत हे तिन्ही सल्ले बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतात, कधी कधी दुखणे वाढवतातही. आराम मिळण्याची वाट हालचालीतून आणि कामाची पद्धत बदलण्यातून जाते.

आधी पडून राहण्याचे पाहू. दुखते आहे म्हणजे आत काहीतरी मोडले आहे आणि हलले तर आणखी मोडेल, ही समजूत स्वाभाविक आहे. हात मोडला तर ती खरीही असते. पण कंबरदुखीच्या दहातल्या सुमारे नऊ रुग्णांमध्ये दुखण्याचे मूळ म्हणून एका विशिष्ट हाडाकडे किंवा गादीकडे खात्रीने बोट दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, बंध, मज्जातंतू, झोप आणि काळजी या सगळ्यांचा त्यात थोडाथोडा वाटा असतो. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या सेवेतल्या, नुकतीच कंबर धरलेल्या 186 कर्मचाऱ्यांचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितले, काहींना व्यायाम दिले, तर उरलेल्यांना सोसेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. सर्वांत लवकर सुधारला तो हा तिसरा गट. दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेले, की पडून राहण्याचा तोटा अधिकच होतो. स्नायू दुबळे होतात, दम कमी होतो आणि हालचालीची धास्ती बसते. मग पूर्वी पोते उचलल्यावर येणारी कळ कळशी उचलतानाही येऊ लागते. शरीर धोक्याची सूचना आधीपेक्षा लवकर देऊ लागलेले असते. ती कळ खरी असते, मनाचे खूळ नसते. तिचा अर्थ मात्र दर वेळी नवी इजा असा नसतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे फोटोत दिसते त्याचे काय? मणक्यात गॅप आहे, गादी सरकली आहे, असे कागदावर लिहून आले की माणूस स्वतःला कायमचा अधू समजू लागतो. अमेरिकेत 1994 मध्ये, कंबर अजिबात दुखत नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढून पाहिले, तेव्हा 52 टक्के लोकांच्या किमान एका तरी गादीला फुगवटा आढळला. सर्व गाद्या निर्दोष असलेले फक्त 36 टक्के निघाले. पुढे 2015 मध्ये अशा अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले गेले. दुखणे नसलेल्या विशीतल्या माणसांतही 37 टक्क्यांना गादीची झीज दिसते आणि ऐंशीच्या घरात ती 96 टक्क्यांना दिसते. केस पिकावेत तशी ही झीज वयाबरोबर येतच असते. म्हणजे फोटो खोटा नसतो, पण त्यात दिसलेली गोष्टच दुखण्याचे कारण आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. खुरपणीच्या कित्येक रोजांची मजुरी त्या तपासणीत घालण्याआधी, तिच्या निकालाने आपले उपचार बदलणार आहेत का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरता येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, अशा वेळी तातडीने मोठे रुग्णालय गाठावे. संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे ही मणक्याच्या क्षयरोगाची खूण असू शकते. आपल्या देशात तो आजही दुर्मीळ नाही आणि औषधांनी बरा होतो. पूर्वी कर्करोग झालेल्यांची, किंवा पडल्यानंतर कंबर दुखू लागलेल्या वृद्ध बाईची तपासणीही टाळू नये. या लोकांसाठी एमआरआय आणि एक्स-रे मोलाचे आहेत.

उरलेल्या बहुसंख्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दुखणे समजावून सांगणे, व्यायाम, मालिशसारखे काही हातांचे उपचार, भीती आणि काळजी हाताळायला मदत आणि गरजेपुरती सूज-वेदना कमी करणारी औषधे यांची शिफारस त्यांत आहे. कमरेचा पट्टा, वजने लावून मणका ताणणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीच्या उपचारात नकोत, असेही त्यांत म्हटले आहे. शेजारणीला पट्ट्याने किंवा इंजेक्शनने गुण आला, हे सांगणे खोटे नसते. पण नव्याने धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत बऱ्यापैकी सुटतेच. त्या काळात जे केले असेल त्याला श्रेय मिळते. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड यांची हानी होऊ शकते, हे मात्र गावोगाव निक्षून सांगायला हवे.

व्यायाम कोणता, याचे उत्तर दिलासा देणारे आहे, कारण एकच एक प्रकार इतरांपेक्षा फार सरस ठरलेला नाही. चालणे सर्वांत सोपे. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या 701 जणांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे उद्दिष्ट आणि फिजिओथेरपिस्टचे मार्गदर्शन मिळालेल्यांचे दुखणे परतायला मध्यमानाने 208 दिवस लागले. इतरांचे 112 दिवसांतच परतले. चालल्याने दुखणे कायमचे जाईल असे कोणी म्हणू नये; व्यायामाचा सरासरी फायदा मध्यमच असतो. पण तो स्वस्त आहे आणि आपल्या हातात आहे. सुरुवात सोसेल तेवढ्या अंतराने करावी आणि दर आठवड्याला थोडी भर घालावी. बरे वाटले त्या दिवशी सगळी राहिलेली कामे उरकायची आणि पुढचे चार दिवस पडून राहायचे, ही सवय आधी मोडावी.

दिवसभर रानात राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला, हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. त्याचे उत्तर त्या कामाच्या स्वरूपात आहे. व्यायामात हालचाल बदलते, मध्ये विसावा असतो आणि कधी थांबायचे हे आपण ठरवतो. लागवडीत तीच एक वाकलेली स्थिती तासन्‌तास धरावी लागते आणि थांबण्याची मुभा मुकादमाकडे किंवा उक्त्या कामाच्या हिशेबाकडे असते. बराच वेळ वाकून राहिल्यावर मणक्यामागचे बंध ताणले जातात आणि ते लगेच पूर्ववत होत नाहीत. म्हणून सरी संपताच क्रेट उचलायला धावू नये. आधी काही मिनिटे ताठ उभे राहावे, चार पावले चालावे. शिवाय टोळीतल्या टोळीत कामे बदलता येतात. काही जणींनी रोपे उपटून जुड्या बांधाव्यात, काहींनी लावावीत आणि तासा-दीड तासाने अदलाबदल करावी. यात शेतकऱ्याचे एका पैशाचेही नुकसान नाही.

पूर्वीच्या बायाही जन्मभर वाकतच होत्या, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. त्यांचे दुखणे कोणी मोजले नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या कुदळीने मजुरांच्या कमरा जात होत्या. ती कुदळच हवी, तिच्यावाचून पीक बिघडेल, असे शेतमालक सांगत राहिले. मजुरांच्या लढ्यानंतर 1975 मध्ये तिच्यावर बंदी आली आणि शेती लांब दांड्यावर चालू राहिली. आपल्याकडे सायकल कोळपे उभ्याने चालवता येते. ओळीत घेतलेल्या पिकात ते खुरपणीचा मोठा भाग उचलते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो 20 किलोच्या क्रेटमध्ये विकला जातो, मग कांदा-बटाट्याच्या गोणीचे वजनही माणसाच्या पाठीच्या मानाने का ठरू नये? पुण्याच्या हमाल पंचायतीने 100 किलोच्या पोत्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा तो हमालाच्या आरोग्याचा प्रश्न होता आणि हक्काचाही. रानातल्या बाईची कंबर याच न्यायाने पाहायला हवी. तिला रोज अर्धा तास चालायचे तर घरातले पाणी आणि चूल तेवढा वेळ दुसऱ्या कोणीतरी सांभाळली पाहिजे आणि हे डॉक्टरांनी तिच्यासोबत आलेल्या नवऱ्याला, सासूला समोर बसवून सांगितले पाहिजे.