पाटीत मासे किती?

तुम्ही उमरोळीचे असाल, नाहीतर पालघर-बोईसरचे, तर सातपाटी बंदराची मासळी तुमच्या ताटात कधी ना कधी आलीच असेल. मग सांगा पाहू, जगातल्या समुद्रांतून आणि नद्या-तलावांतून वर्षभरात किती मासे पकडले जातात?

सरकारी वह्यांत उत्तर आहे, पण टनांत! कोंबड्या-बकऱ्यांची नगांवर मोजणी होते, माशांचं मात्र नुसतं वजन. बरोबरच आहे म्हणा, जाळ्यातल्या मासळीची हजेरी घेणार कोण?

पण गणित आहे ना! पापलेट घ्या, आपल्या महाराष्ट्राचा राज्य मासा. एक नग अर्ध्या किलोचा धरला, तर टनात 2,000 पापलेटं. आता मांदेली घ्या. सोनेरी, बोटाएवढी, तळली की कुरकुरीत. समजा किलोत 80 भरल्या. मग टनात किती? 80,000! वजन तेवढंच, नग मात्र चाळीसपट.

ब्रिटनमधल्या अॅलिसन मूड आणि फिल ब्रुक यांनी हेच केलं. प्रत्येक जातीचे टन घेतले आणि एका माशाच्या सरासरी वजनाने भागले. 2000 ते 2019 या काळासाठी उत्तर आलं, दर वर्षी साधारण 1.1 ते 2.2 लाख कोटी मासे! दोन टोकांत एवढं अंतर का? कारण एकाच जातीतही कुणी लहान, कुणी मोठा. शिवाय ज्यांची नोंदच झाली नाही, ते मासे यात नाहीतच.

खरी गंमत पुढे आहे. यातले निम्म्याहून जास्त मासे माणसांच्या ताटात जातच नाहीत. त्यांची भुकटी आणि तेल होतं, आणि ते तळ्यातल्या माशा-कोळंब्यांच्या, कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जातं. किलोभर भुकटीला चार-पाच किलो ताजी मासळी लागते. वजनाने बघाल तर हा वाटा पावसुद्धा नाही, मग नगांनी निम्मा कसा? कारण भुकटीला जातात ते चिमुकले मासे. त्यातला सर्वात मोठा मान पेरू देशाच्या अँचोव्हेटाचा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या चुलतभावाचा!

आता तुमची पाळी. घरी मांदेली आली की साफ करण्याआधी किलोभर मोजा आणि हजाराने गुणा, टनाचा आकडा मिळेल. जवळा मात्र मोजायला बसू नका. एक तर तो मासा नाही, कोळंबीचा नातलग आहे; आणि दुसरं म्हणजे, रात्रीच्या जेवणापर्यंत मोजून संपणार नाही!