पैसा कोणाचा, पात्र कोणाचं?

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून परतले, तेव्हा त्यांच्याकडे सिनेमाची विद्या होती, भांडवल नव्हतं. त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपत चित्रित केली आणि तो चिमुकला चित्रपट पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवला. डोळ्यांदेखत भराभर वाढणारं रोप पाहून कर्जाची दारं उघडली. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर झळकला.

स्वतःची ॲनिमेशन मालिका काढू पाहणाऱ्यांना आजही हेच करावं लागतं. आधी पदरमोड करून पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग बनवायचा, मग मागायला जायचं. मात्र आता पैसे देणारे नाना तऱ्हेचे आहेत आणि प्रत्येकाच्या पैशाला वेगळी अट चिकटलेली असते. ती अट बहुधा एकाच गोष्टीभोवती फिरते: पात्राची मालकी.

पैसा इतका का लागतो?

अकरा मिनिटांचा एक भाग म्हणजे ६६० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १५,८४० फ्रेम होतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकेक चित्र दोन फ्रेम टिकवलं, तरी ७,९२० चित्रं उरतातच. त्याआधी पटकथा, स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक. नंतर रंग, पार्श्वभूमी, कंपोझिटिंग आणि संगीत. महिनोन्‌महिने पगार द्यायचे आणि कमाईचा पत्ता मात्र शेवटी. त्यामुळे भारतातल्या अनेक स्टुडिओंनी परदेशी मालिकांच्या सर्व्हिस वर्कवर तग धरला. काम झालं की बिल मिळतं, पण पात्र परदेशी मालकाचंच राहतं.

एकच दाता, एकच मालक

वाहिनी किंवा ओटीटी कंपनीने सगळा खर्च उचलणं हा सर्वांत निर्धास्त वाटणारा मार्ग. अशा व्यवहारात हक्क सहसा तिच्याकडेच जातात. ओवेन डेनिस यांच्या ‘इन्फिनिटी ट्रेन’चा पायलट २०१६ साली ऑनलाइन आला, लोकांनी मालिकेची मागणी लावून धरली आणि २०१९मध्ये ती कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. ऑगस्ट २०२२मध्ये त्याच समूहातल्या एचबीओ मॅक्सने मूळ कंपनीच्या विलीनीकरणानंतर तिला इतर अनेक कार्यक्रमांबरोबर आपल्या मंचावरून काढून टाकलं. हक्क कंपनीचे असल्यामुळे ती दुसरीकडे नेणं निर्मात्याच्या हाती नव्हतं.

युरोपात मात्र पैशाची मोट बांधतात. एक वाहिनी आपल्या देशापुरते प्रक्षेपणाचे हक्क आगाऊ विकत घेते, दुसऱ्या देशातला स्टुडिओ सहनिर्माता होतो, सरकारी निधी थोडी भर घालतो. त्यासाठी फ्रान्समधल्या तुलूज शहरात दर सप्टेंबरला ‘कार्टून फोरम’ भरतो. तिथे निर्माते जमलेल्या खरेदीदारांसमोर आपली मालिका मांडतात. फ्रान्समधल्याच ॲनसीच्या जगप्रसिद्ध ॲनिमेशन महोत्सवालाही जोडून १९८५पासून ‘मिफा’ हा बाजार आहे. ही मोट जुळायला वेळ लागतो, पण कोणा एकाचीच मनमानी चालत नाही.

आधी गोतावळा, मग वर्गणी

लोकांकडून पैसा उभा करणं आपल्याला नवं नाही. श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’ या चित्रपटासाठी गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. ते शेतकरी सहकारी संघामुळे आधीच एकत्र होते, ही त्यातली मेख. किकस्टार्टर या ऑनलाइन वर्गणीच्या मंचावरही हेच दिसतं. ‘क्रिटिकल रोल’ या अमेरिकी कलाकारांच्या चमूने मार्च २०१९मध्ये एका ॲनिमेशनपटासाठी साडेसात लाख डॉलर मागितले. मिळाले १ कोटी १३ लाख, ८८ हजारांहून अधिक लोकांकडून. कारण २०१५पासून दर आठवड्याला त्यांचा खेळ पाहणारा चाहतावर्ग तयार होता. ते पाहून ॲमेझॉनही पुढे आलं. ट्रेसी बटलर यांच्या ‘लॅकाडेझी’ या वेबकॉमिकवर आधारलेल्या लघुपटाने २०२०मध्ये ८५ हजार डॉलर मागून तीन लाखांहून अधिक मिळवले. त्याहीमागे २००६पासूनचे वाचक होते.

भारतात राहणाऱ्याला किकस्टार्टरवर थेट मोहीम उघडता येत नाही, देशी मंच शोधावे लागतात. तिथेही देणगीदाराला पोस्टर, श्रेयनामावलीत नाव किंवा भाग आधी पाहण्याची संधी द्यावी. नफ्यात वाटा देऊ केला, की सेबीच्या नियमांचा फेरा मागे लागतो.

फुकट दाखवून कमावणं

सिडनीच्या ग्लिच प्रॉडक्शन्सने १३ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘द अमेझिंग डिजिटल सर्कस’चा पायलट यूट्यूबवर टाकला. त्याला ३० कोटींहून अधिक व्ह्यूज मिळाले. या स्टुडिओचा मोठा आधार आहे तो बाहुल्या, टी-शर्ट अशा वस्तूंच्या विक्रीचा. वर्षभराने मालिका नेटफ्लिक्सवरही आली, तरी नवे भाग यूट्यूबवर फुकट येतच राहिले. घर विकण्याऐवजी भाड्याने देण्यासारखाच हा व्यवहार.

यूट्यूबच्या नुसत्या जाहिरातींवर विसंबण्यात मात्र धोका आहे. दीर्घ व्हिडिओंच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात, पण ‘मुलांसाठी’ अशी नोंद असलेल्या व्हिडिओंवर जानेवारी २०२०पासून प्रेक्षकाची आवडनिवड पाहून दिलेल्या जाहिराती लागत नाहीत. साहजिकच दर घसरतो. ज्याचा प्रेक्षक पाच वर्षांचा, त्याच्या हिशेबात वस्तूंची विक्री आणि इतर भाषांतल्या वाहिन्यांचे करार पहिल्या दिवसापासून हवेत.

आपल्याकडची वाट

हैदराबादच्या ग्रीन गोल्डने ‘छोटा भीम’ २००८ साली पोगो वाहिनीवर आणला, पण पात्र आपल्याकडे राखलं. पुढे दप्तरं, कपडे, चित्रपट आणि स्वतःची दुकानं हे सगळं त्या एका निर्णयातून उभं राहिलं. गोव्यात २००७पासून भरणाऱ्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) फिल्म बाजारात सहनिर्माते भेटू शकतात. अधिकृत सहनिर्मिती असेल, तर भारतात केलेल्या मान्य खर्चाचा काही वाटा प्रोत्साहन म्हणून देण्याची केंद्राची योजना आहे. पण तो पैसा खर्च झाल्यावर परत मिळतो. तोवरची तजवीज आपणच करायची.

म्हणून करार वाचताना रकमेआधी चार कलमं पाहावीत. हक्क किती वर्षांचे? कोणत्या देशांचे आणि भाषांचे? वस्तूविक्री त्यात आहे का? आणि कंपनीने मालिका थांबवली किंवा मंचावरून उतरवली, तर हक्क आपल्याकडे परत कधी येतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर नसेल, तर सही लांबवावी आणि मनोरंजन क्षेत्रातल्या वकिलाची फी पायलटच्या बजेटमध्येच धरावी. दाखवण्याचे हक्क पुन्हा पुन्हा विकता येतात. पात्र मात्र एकदाच विकता येतं.