आल्बीचा विटांचा किल्ला

दहा वर्षांपूर्वी एका टिपणात मी लिहिले होते, की धर्मयुद्धात आल्बी शहर उद्ध्वस्त झाले आणि त्या विजयाचे स्मारक म्हणून तेथे कथीड्रल उभे राहिले. हे विधान चुकीचे होते. त्याची दुरुस्ती करण्यासाठीच हा लेख.

दक्षिण फ्रान्समध्ये, तुलूझहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर, तार्न नदीकाठी आल्बी वसले आहे. अकराव्या शतकातला जुना पूल ओलांडून मागे वळून पाहिले की सारे गाव विटांच्या लाल रंगात उभे दिसते. नदीकाठच्या चिकणमातीमुळे या भागात विटांचेच बांधकाम रूढ झाले. गावाच्या डोक्यावर सेंत-सेसिल कथीड्रल आहे : 113 मीटर लांब, 35 मीटर रुंद, आणि 78 मीटर उंच घंटाघर. उंच, सपाट भिंती, बुरुजांसारखे गोल आधार, अरुंद खिडक्या. हे देऊळ नव्हे, गढी आहे, असेच कोणालाही वाटेल. मलाही फोटो पाहून तसेच वाटले होते.

बाराव्या शतकात या प्रदेशात कॅथर पंथाचे लोक होते. दृश्य जग दुष्ट शक्तीने निर्माण केले, अशी त्यांची धारणा; चर्चचे संस्कार त्यांना मान्य नव्हते. 1165 मध्ये आल्बीजवळच्या लोंबेर येथे त्यांची धर्माधिकाऱ्यांशी जाहीर चर्चा झाली. ‘आल्बीकर’ हे नाव साऱ्या पंथाला चिकटले, त्यामागे ही सभा असावी असे मानतात. 1209 मध्ये पोप तिसरा इनोसंट याने पुकारलेले युद्ध सुरू झाले. मोठी कत्तल झाली ती बेझिएला. आल्बीने मात्र प्रतिकार न करता सिमों द माँफोरला दारे उघडली.

माझी चूक नावामुळे झाली. युद्धाला आल्बीचे नाव, म्हणून नाशही आल्बीचा, असे मी धरून चाललो. सनावळ्या शेजारी मांडल्या असत्या तरी शंका आली असती. युद्ध 1229 मध्ये संपले. कथीड्रलचे काम 1282 मध्ये सुरू झाले. मध्ये 53 वर्षे गेली. मग शरण आलेल्या गावात, इतक्या उशिरा, ही गढी कोणासाठी?

उत्तर बिशप बेर्नार द कास्ताने याच्या कारकिर्दीत सापडते. तो धर्मगुरू होता, तसाच गावाचा सत्ताधीशही. न्यायनिवाड्याच्या हक्कांवरून त्याचे नागरिकांशी भांडण चालू होते. 1299-1300 मध्ये पाखंडाच्या आरोपावरून गावातल्या 25 च्या आसपास प्रतिष्ठित लोकांवर खटले झाले. बिशपशी भांडणारे आणि आरोपी यांच्यात फारसे अंतर नव्हते. तक्रारी राजापर्यंत आणि पोपपर्यंत गेल्या. 1306 मध्ये पोप पाचवा क्लेमेंट याने पाठवलेल्या दोन कार्डिनलांनी बिशपच्या वाड्यातले तुरुंग पाहिले. तिथली अवस्था भीषण होती. 1308 मध्ये कास्तानेची बदली झाली. कथीड्रल पुरे व्हायला पंधराव्या शतकाची अखेर उजाडली.

तो वाडा, पाले द ला बेर्बी, कथीड्रलला लागूनच आहे. 1922 पासून तिथे याच गावात जन्मलेल्या चित्रकार तुलूझ-लोत्रेकचे संग्रहालय आहे. पॅरिसच्या नाचगृहांतल्या बायकांची चित्रे पाहत मी त्या दालनांतून फिरलो. भिंती मात्र त्या 1306 च्या चौकशीच्या.

कथीड्रलच्या आत शिरलो आणि चकित झालो. छत निळे-सोनेरी, इटालियन चित्रकारांनी 1509 ते 1512 या काळात रंगवलेले. पश्चिम भिंतीवर पंधराव्या शतकाच्या अखेरचे ‘अंतिम निवाडा’ हे भव्य चित्र आहे. एकीकडे तरलेले, खाली कढयांत होरपळणारे पापी. पण 1693 मध्ये मागच्या प्रार्थनाकक्षाकडे वाट काढण्यासाठी चित्राचा मधला भाग फोडला गेला आणि निवाडा करणारा ख्रिस्तच नाहीसा झाला. तरलेले आणि शिक्षा भोगणारे मात्र उरले आहेत. त्या रिकाम्या कमानीसमोर मी बराच वेळ बसलो होतो.

स्वतःच शिकलेल्या माझ्यासारख्याचा एक दोष असतो. दोन गोष्टी माहीत असल्या, की मधले दुवे आपण मनाने जोडतो. मी कत्तल आणि गढी यांची गाठ मारली आणि त्या दोहोंमधली माणसे गाळली. आता ते वाक्य असे लिहीन : आल्बी शरण आले, म्हणून वाचले; पण बिशपची आपल्याच नागरिकांवर हुकमत बसवणारी ही गढी नंतर त्याच्या छातीवर उभी राहिली.