मेंदूज्वर ओळखायला उशीर झाला, तर?

तीव्र ताप, डोकेदुखी, उलट्या, ताठलेली मान, गुंगी ही जिवाणूजन्य मेंदूज्वराची लक्षणे. उपचाराला उशीर झाला तर बहिरेपण येते, जीवही जातो. ‘साधा ताप’ म्हणून परत पाठवले आणि नुकसान झाले, तर नशिबाला दोष देऊ नका. केसपेपरची नक्कल लेखी अर्ज देऊन मागा. ती ७२ तासांत द्यावी लागते. प्रत्येक उशीर निष्काळजीपणा नसतो, ते या कागदांवरूनच कळते. पैसे घेणाऱ्या दवाखान्याविरुद्ध २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार करता येते.

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती, महिला आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० पासून अनुसूचित जातींमधले बौद्धही त्यात येतात. जातीचा दाखला घेऊन नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. जय भीम!