कुकडीच्या खोऱ्यात कॅरॅव्हॅन: जुन्नर-आंबेगावातील चाकांवरच्या मुक्कामाचे नियोजन

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय ज्या वाहनातच केलेली असते त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असेल तर ती मोटर कॅरॅव्हॅन, आणि घर दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढून न्यायचे असेल तर ती ट्रेलर कॅरॅव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि त्यात अशा वाहनांबरोबरच कॅरॅव्हॅन पार्कचाही, म्हणजे पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेल्या राखीव वाहनतळाचाही, विचार केला. मात्र धोरणातील पार्क आणि प्रत्यक्ष वाटेवरील मोकळी जागा यांत अंतर असल्यामुळे, विशेषतः आडबाजूच्या कोरड्या मुलुखात जाताना, सहलीची आखणी वाहनाच्या सुखसोयींपासून सुरू न करता पाणी, रस्ता आणि मुक्कामाची परवानगी या तीन गोष्टींपासून सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

याचे एक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटी प्रदेशातील चाको दरी. हजार वर्षांपूर्वीच्या दगडी वसाहतींमुळे १९८७ पासून जागतिक वारसास्थळ असलेल्या या दरीतील उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्याचा अखेरचा टप्पा कच्चा आहे, आत इंधन किंवा खाद्यपदार्थ मिळत नाहीत आणि तेथील मुक्कामतळावर ३५ फुटांपेक्षा लांब वाहनांना प्रवेश दिला जात नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर-आंबेगावात, वाळवंट नाही. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे जाता जाता झपाट्याने कमी होतो आणि जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील आणे पठारासारखा प्रदेश पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआड राहिल्यामुळे अपुरा पाऊस मिळणाऱ्या पट्ट्यात, येतो. त्यामुळे एकाच तालुक्यात पश्चिमेला धुके आणि दरडी, तर पूर्वेला पाण्याची टंचाई, अशा दोन्ही टोकांची तयारी करावी लागते.

खडकाचे तीन नमुने

हा सारा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. लाव्हा थिजून तयार झालेल्या या काळ्या खडकाला बेसॉल्ट म्हणतात, आणि त्याचे कठीण व ठिसूळ थर एकमेकांवर रचलेले असल्याने पाणी कठीण थराच्या भेगांतून आत शिरून ठिसूळ थर पोखरते. कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर आणे घाटाजवळील गुळुंचवाडी येथे ओढ्याने असाच खडक पोखरून नैसर्गिक पूल तयार केला असून त्याच्या परिसरात मळगंगा देवीचे मंदिर आहे. जुन्नर तालुक्यातच कुकडी नदीकाठच्या बोरी बुद्रुक येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. ती राख इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे असे अभ्यासक मानतात, परंतु ती त्याच्या सुमारे पाऊण लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर त्यांच्यात मतभेद आहेत. तिसरा नमुना जुन्नरची हद्द ओलांडल्यावर भेटतो: पारनेर तालुक्यातील निघोज आणि शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी यांच्या दरम्यान कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षे गोल फिरत राहिल्याने खडकात कोरली गेलेली ही खोल कुंडे एका अरुंद घळीत सलग दिसतात, आणि दरीच्या निर्मितीची प्रक्रिया समजून घ्यायला यापेक्षा जवळची जागा पुणेकरांना क्वचितच मिळेल. मात्र कुंडांच्या कडा गुळगुळीत असतात आणि वरच्या धरणांतून पाणी सोडल्यास पाऊस नसतानाही पात्रातील पातळी वाढू शकते. म्हणून गाडी किंवा तंबू पात्रात कधीही उभा करू नये.

वजन, वीज आणि सांडपाणी

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, हे साधे गणित कॅरॅव्हॅनच्या आखणीत निर्णायक ठरते. माणशी रोज १५ लिटर इतका काटकसरीचा वापर धरला तरी चौघांना तीन दिवसांसाठी १८० लिटर, म्हणजेच १८० किलो, पाणी लागते आणि हे वजन घाट चढताना इंजिनावर व उतरताना ब्रेकवर पडते. म्हणून नारायणगाव किंवा आळेफाट्यापर्यंत टाकी अर्धी ठेवून पूर्वेकडे वळण्यापूर्वी ती भरून घेणे सोयीचे असते. विजेचेही असेच आहे: १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १२०० वॅट-तास ऊर्जा साठते, जी २० वॅटच्या पंख्याला कित्येक रात्री पुरेल, पण हजार वॅटच्या वातानुकूलन यंत्राला जेमतेम तासभर. हिवाळ्यात या भागात रात्री थंड असल्याने ते यंत्र सोबत नसले तरी अडत नाही. आंघोळीचे व भांड्यांचे सांडपाणी आणि शौचालयाचा मैला वेगवेगळ्या टाक्यांत साठवावा लागतो. मैल्याची टाकी ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर रिकामी करणे हा गावच्या पाणवठ्याशी केलेला द्रोह असून, जेथे सेप्टिक टाकी आहे आणि मालकाची संमती आहे तेथेच ती रिकामी करावी.

मुक्काम कोठे करावा

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके उसाच्या शेतीचे आहेत आणि उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर कायमचा झाला आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, यावरून प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते. त्यामुळे नदीकाठी एकांतात चूल मांडण्याची कल्पना येथे धोक्याची आहे. अंधार पडण्यापूर्वी कृषी पर्यटन केंद्र, हॉटेल किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचे कुंपण असलेले आवार गाठावे, लहान मुलांना रात्री एकटे बाहेर सोडू नये आणि उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये, कारण त्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. आंबेगावच्या पश्चिमेस घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पुढे भीमाशंकर अभयारण्याचा परिसर लागतो. १९८५ मध्ये घोषित झालेल्या आणि शेकरूसाठी प्रसिद्ध असलेल्या या अभयारण्यात मुक्कामासाठी वन विभागाचे नियम पाळणे बंधनकारक आहे. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण प्रकल्पाच्या परिसरात मोबाइल आणि ठिणगी उडवणारी विद्युत उपकरणे बंद ठेवणे हे शिष्टाचाराचे आहे, कारण आकाशातील अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या या यंत्रणेला त्यांचा अडथळा होतो.

नाणेघाटाकडे जाताना लांब गाडी जुन्नरमध्ये ठेवून लहान वाहनाने घाटघर गाठावे आणि पुढे पायी जावे. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण आणि कोकणातील बंदरे यांना जोडणाऱ्या या सातवाहनकालीन घाटवाटेवर राणी नागनिकेच्या ब्राह्मी शिलालेखाइतकीच लक्षणीय आहेत ती खडकात खोदलेली पाण्याची टाकी: मालाची जनावरे घेऊन चालणाऱ्या तांड्यांची मजल पाण्याच्या अंतरावर ठरत असे, आणि आजच्या प्रवाशालाही त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या सहलीचा सर्वात योग्य काळ होय. पावसाळ्यात माळशेज घाटात दरडी कोसळतात, तर एप्रिल-मेमध्ये आणे पठारावर गावकऱ्यांनाच पाणी पुरत नाही आणि पाहुण्यांनी त्यात वाटा मागणे अनुचित ठरते. पहिला मुक्काम जुन्नर परिसरात करून नाणेघाट व लेण्याद्री, दुसऱ्या दिवशी आळेफाटामार्गे गुळुंचवाडी, आणि तिसऱ्या दिवशी निघोज असा तीन दिवसांचा क्रम ठेवल्यास ओल्या माथ्यापासून कोरड्या घळीपर्यंतचा संपूर्ण उतार पाहता येतो. प्रत्येक टप्प्यापूर्वी पुढच्या मुक्कामाला दूरध्वनी करून गाडीची लांबी व उंची सांगावी आणि वळायला जागा आहे का हे विचारून घ्यावे. जेथे उत्तर संदिग्ध मिळेल तेथे महामार्गालगतच थांबून उरलेली वाट पायी किंवा लहान वाहनाने करावी.